विजेच्या नावाचा मासा

बिन्सार मानुरुंगच्या गाडीचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी वाजला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी हातातली कामं टाकली. तिउर्मानं टाकली नाहीत. ती मागच्या दारात बसून केळीची पानं पुसत होती, ती पुसतच राहिली.

बिन्सार हा तिच्या आईचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा तुलांग. आम्हा बाताक लोकांत तुलांगचा मान देवाच्या खालोखाल, आणि बिन्सारला त्यातलं ‘खालोखाल’ कधीच फारसं पटलेलं नव्हतं. वीज कंपनीच्या कचेरीत त्यानं हयात घालवली ती बिलांच्या टेबलावर. उघड्या तारेला त्याचं बोट कधी लागलं नाही. पण निवृत्त झाल्यापासून तो ‘आम्ही वीजवाले’ असंच बोलायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की सियांतार गावातले सगळे दिवे यानंच एकेक करून लावले. घरचा पंखा बंद पडला की मात्र त्याची बायको गुपचूप वायरमनला फोन करायची.

आज तो मासा घेऊन आला होता. पोराबाळांचं काही चांगलं व्हायचं असलं की आमच्याकडे आईच्या माहेराहून मासा येतो. हळद, आलं आणि जिभेला झिणझिण्या आणणारी आंदालिमानची मिरी घालून शिजवलेला, अख्खा, डोक्यासकट. सगळ्या माशांची तोंडं एका बाजूला, ज्याच्यासाठी आणलाय त्याच्याकडे. तुलांग उभा राहून काय व्हावं ते बोलतो, घरचे ‘इमा तुतु’, म्हणजे ‘तसंच होवो’, म्हणतात, आणि मग ते पक्कं. ताटावर बोललेलं आणि घरच्यांनी झेललेलं परत घेता येत नाही. तुलांगलासुद्धा नाही. ज्याच्यासाठी मासा शिजतो त्याला आधी विचारायची पद्धत मात्र आमच्याकडे नाही. माशालाही विचारत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

“आली बाई वीज कंपनी,” रोइदा चुलीपाशी म्हणाली. रोइदा ही तिउर्माच्या बापाची बहीण, तिची नांबोरु. डुकराच्या मटणाचं पातेलं हलवायला तिला बोलावलं होतं आणि ती पातेल्यापेक्षा माणसंच जास्त हलवत होती.

“एदा, हळू बोल,” तिउर्माची आई लामरिया नणंदेला भावजयीच्या अजीजीनं म्हणाली. “माझा भाऊ आहे तो.”

“म्हणून तर बोलते. परक्याला कशाला बोलू? मधल्या परीक्षेत पोर नापास झाली तेव्हा ग्रुपवर काय लिहिलं होतं तुझ्या भावानं? ‘विजेनं शॉक दिला वाटतं.’ आणि त्याखाली हसणारी तोंडं ही एवढी!”

त्यातलं एक हसणारं तोंड खुद्द रोइदाचं होतं. पण ते तिला या घटकेला आठवत नव्हतं.

नापास होण्याची कथा घरात चवीचवीनं सांगितली गेली होती. बांडुंगच्या त्या मोठ्या कॉलेजात पहिल्या वर्षी सगळ्यांना फिजिक्स असतं, आणि त्याच्या दुसऱ्या भागात वीज आणि चुंबकत्व. तारेतून वीज कुठं जाते, चुंबकाचा जोर कुठं लागतो, हे उजव्या हाताची बोटं वळवून ठरवायचं. परीक्षेच्या हॉलमध्ये दोनशे पोरं हात वळवत बसली होती, लग्नातल्या नाचात बायका वळवतात तसे. तिउर्माच्या उजव्या हातात पेन होतं. म्हणून तिनं डावा वळवला. सगळ्या दिशा उलट्या आल्या. त्यावर बिन्सारनं सगळ्या गोतावळ्यात सांगितलं होतं की पोरीला अजून डावं-उजवं कळत नाही.

आणि एका प्रश्नात सूत्र बरोबर, उणे चिन्हासकट, तरीही शून्य. मास्तरांनी शेजारी लाल शाईत एवढंच लिहिलं होतं: ‘उणे का?’ त्या रात्री तिनं बापाला फोन केला. तिचा बाप गावातल्या शाळेत जन्मभर फिजिक्सच शिकवत आला होता. तो म्हणाला, “उणे नसलं तर मार्क कापतात.” ती म्हणाली, “असलं तरी कापले, बापा.”

शेवटच्या परीक्षेत मात्र तिला ‘ए’ मिळाला. चारशे पोरांत मोजक्यांना मिळतो तो. विजेत पहिल्या नंबरची भाची म्हणजे इलेक्ट्रिकल इंजिनियर, यात बिन्सारला विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही. त्यानं लगेच तलावातले मासे सांगून ठेवले.

तिउर्मा पानांची चळत घेऊन आत आली. ती ओट्यावर ठेवली आणि आईला म्हणाली, “ओमाक, मी इलेक्ट्रिकल घेत नाहीये.”

लामरियाच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. “काय म्हणालीस?”

“शाखा निवडायची मुदत आज पाचपर्यंत आहे. मी फिजिक्स घेणार.”

“फिजिक्स!” रोइदा खदखदून हसली. “अगं बाई, म्हणजे एवढं बांडुंगला जाऊन शेवटी खडूच!”

“नांबोरु, तुम्हाला फिजिक्स म्हणजे काय माहीत तरी आहे का?”

“माहीत नसायला काय? माझा भाऊ जन्मभर तेच करतोय. शर्टाच्या खिशापाशी पांढरं होतं, त्याला फिजिक्स म्हणतात.”

“मासा बाहेर झाकून ठेवलाय,” लामरिया दबक्या आवाजात म्हणाली, “सगळे मानुरुंग चटईवर बसलेत, आणि तू आत्ता सांगतेस?”

“आधी कुणी विचारलं होतं मला?”

प्रश्न बरोबर होता, म्हणून लामरियाला राग आला. बाप गेल्यावर बिन्सारनंच तिला शिकवलं होतं, तिचं लग्न लावून दिलं होतं, आणि त्यानंतर एकही सण असा गेला नाही की ज्यात त्यानं त्याची आठवण करून दिली नाही. त्याच्या समोर उभं राहून ‘मासा नको’ म्हणणं तिला या जन्मी जमणार नव्हतं. पण पोरीचा चेहरा मधल्या परीक्षेनंतर व्हिडिओ कॉलवर कसा दिसायचा, हेही तिनंच पाहिलं होतं. बाकीचे तर फक्त हसणारी तोंडं टाकत होते.

“बापाला सांग तुझ्या,” ती म्हणाली. “मला दोन्ही घरांकडून बोलणी बसतात. निदान एकाकडची तरी त्याला खाऊ दे.”

मारोलोप सियागियान मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीशी हात धूत होता. तो नेहमीच हात धूत असायचा. खडू निघून जायचा, सवय जायची नाही. मुलगी काय म्हणते ते त्यानं पाठमोऱ्यानंच ऐकलं.

“डोकं फिरलंय का तुझं?” तो म्हणाला. “माझ्यासारखं व्हायचंय? तुझा तुलांग माझी ओळख काय म्हणून करून देतो ऐकलंयस ना? ‘हे आमचे लाए, बहिणीचे यजमान, शाळेत असतात.’ शाळेत असतात! जसा मी अजून विद्यार्थीच आहे आणि पास होण्याची वाट बघतोय.”

“त्यांना काय कळतंय, बापा?”

“त्याला कळत नाही, पण लोकांना त्याचंच पटतं. मी दरवर्षी तेच धडे त्याच पोरांना शिकवतो, नावं तेवढी बदलतात. चुंबकाचं चित्र फळ्यावर काढतो. लाल टोक, निळं टोक. रंगीत खडू संपले की दोन्ही पांढरी. याला फिजिक्स म्हणत असशील तर म्हण.”

“नाही म्हणत,” ती म्हणाली. “म्हणून तर हे आणलंय.”

तिनं पाठीवरच्या पिशवीतून तांब्याची हातभर नळी काढली, एसीला असते तसली पण जरा जाड, आणि बोटाच्या पेराएवढा चकचकीत चुंबक. नळी बापाच्या हातात दिली. मारोलोपनं मास्तरी सवयीनं आधी चुंबक नळीला लावून पाहिला. तो चिकटला नाही.

“तांब्याला कसा चिकटेल?” तो तुच्छतेनं म्हणाला. “एवढं आम्हालाही येतं.”

“नळी उभी धरा. आणि सोडा आत.”

त्यानं सोडला. खाली टप्पकन पडेल म्हणून तिनं हात धरला होता. काही पडलं नाही. मारोलोप वाकून खालून बघायला लागला.

“अडकला.”

“थांबा.”

तेवढ्यात चुंबक नळीतून सावकाश बाहेर आला आणि तिच्या तळव्यावर उतरला. पाण्यात टाकलेला खडा तळाशी जाताना घेतो, तेवढा वेळ त्यानं घेतला होता.

“पुन्हा,” मारोलोप म्हणाला.

पुन्हा सोडला. मग त्यानं स्वतः सोडला. मग नळी डोळ्याला लावून, वरून आत बघत सोडला. चुंबक मध्ये तरंगत, कुठंही न टेकता, आपल्या मर्जीनं उतरत होता.

“कुणी धरलंय त्याला?” तो विचारायला गेला आणि गप्प बसला. कारण उत्तर त्याला पाठ होतं. चुंबक सरकला की तांब्यात वीज उठते, आणि जे सरकणं तिला जन्म देतं त्यालाच ती आडवी येते. हे वाक्य त्यानं इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं होतं की डोळे मिटून लिहिता आलं असतं. डोळे मिटूनच लिहीत आला होता.

“हेच ते उणे चिन्ह,” तिउर्मा म्हणाली.

मारोलोपचा चेहरा लाल झाला. ती घाबरली, तिला वाटलं बाप आपल्यावर चिडला. तो चिडला होता, पण भलत्याच कुणावर.

“जन्मभर पोरांच्या अंगावर ओरडलो,” तो म्हणाला. “उणे विसरू नका, गाढवांनो, मार्क जातील. मार्क! आणि ते हे होतं? एवढीशी नळी कुणी दिली नाही मला. आणि मलाही, मारोलोप मास्तरला, एक नळी शोधून आणावी एवढी अक्कल सुचली नाही.”

तो थोडा वेळ नळी फिरवत राहिला. मग विचारलं, “पूर्ण थांबवता येईल का त्याला?”

“नाही. अडवतं, पण थांबवत नाही. चुंबक थांबला तर अडवणारी वीजच राहत नाही. आणि जितक्या जोरात जाल तितकं जास्त अडवतं.”

“म्हणजे आपले बिन्सार लाए,” मारोलोप म्हणाला. दोघंही हसली. पण समोरच्या खोलीतून त्याच बिन्सारचा आवाज आला, मासा गार होतोय म्हणून, आणि मारोलोपचं हसू तिथंच विरलं.

“हे बघ,” तो म्हणाला. “बघायला छान आहे. जन्म काढायला नाही. बायकोच्या माहेरच्यांना मी आजपर्यंत नाही म्हटलेलं नाही, आजही म्हणणार नाही. ते बोलतील, आपण इमा तुतु म्हणू, तू मासा खा, आणि पाचच्या आत इलेक्ट्रिकलवर टिचकी मार.”

तिउर्माच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायलाही ती थांबली नाही, आत निघून गेली. मारोलोपच्या हातात चुंबक राहिला होता. तो त्यानं न बघताच खिशात टाकला आणि नळी टाकीवर ठेवून तिच्या मागोमाग गेला.

चटईवर एका बाजूला मानुरुंग, एका बाजूला सियागियान. बिन्सारनं माइक हातात घेतला. खोलीत पंधरा माणसं, पण बिन्सारला माइक लागतो. स्पीकर घूं करायला लागला.

“काय गं, वीजवाली!” तो तिउर्माला म्हणाला. “हे जरा बघ. ‘ए’ आलाय ना तुला?”

“मला स्पीकर दुरुस्त करता येत नाही, तुलांग.”

“मग शिकवतात काय तिथं?” सगळे मानुरुंग हसले. “असू दे. इलेक्ट्रिकलला गेली की येईल. आम्ही वीजवाले पण काही जन्मतःच शिकून आलो नव्हतो.”

“तुम्ही मग कधी शिकलात?” रोइदानं अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं. सियागियानांच्या बाजूला कुणीतरी खोकलं. बिन्सारनं ऐकलं नाही असं केलं, पण त्याची मान ताठ झाली. माइक त्यानं बाजूला ठेवला. तो रागावला की त्याला माइक लागत नाही.

ताट तिउर्मापुढं सरकवलं गेलं. पिवळेधमक मासे, शेजारी शेजारी, तोंडं तिच्याकडे. बिन्सार खांद्यावर लाल-काळा उलोस, मानाची विणलेली शाल, घेऊन उठला. बोलून झालं की तो उलोस तिच्या अंगावर पांघरायचा होता. त्याचा एक हात ताटाच्या काठावर होता. बोलणं संपेपर्यंत तो हात उचलायचा नसतो.

“भाची, तुला लांब आयुष्य मिळो.”

“इमा तुतु!” सियागियान म्हणाले. सगळ्यांत आधी मारोलोप. घरचा मोठा म्हणून पहिला आवाज त्याचाच.

“तुझ्या घरात धान्य कधी कमी पडू नये.”

“इमा तुतु!”

“आणि तू इलेक्ट्रिकल इंजिनियर हो, वीज कंपनीच्या मोठ्या खुर्चीत बस, आणि मानुरुंगांचं नाव काढ.”

मारोलोपनं तोंड उघडलं. हात खिशात होता. घराची चावी चुंबकाला चिकटली होती, आणि तो बोटांनी ती सोडवत होता, ती सुटत नव्हती. त्यानं मुलीकडे पाहिलं. तिउर्मा माशांच्या तोंडांकडे बघत बसली होती, तिचे ओठ घट्ट मिटलेले. मारोलोपनं तोंड पुन्हा मिटलं.

पहिला आवाज आला नाही, म्हणून दुसराही आला नाही. बिन्सार थांबला. त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

“इलेक्ट्रिकल इंजिनियर हो,” तो मोठ्यानं म्हणाला.

लामरिया खाली मान घालून चटईची काडी उपसत होती. आपल्या भावाच्या बोलण्यावर तिनं आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहायचं ठरवलं होतं.

“लाए,” बिन्सार म्हणाला, “झोप लागली का?”

“लाए,” मारोलोप म्हणाला. आवाज बारीक होता. “मुलीला आपण विचारलं नाही.”

“काय विचारायचं?”

“तिला फिजिक्स शिकायचंय.”

सगळ्या मानुरुंगांत कुजबुज झाली. बिन्सारची बायको ताटाकडे बघायला लागली. ते उचलायची वेळ आली तर कुणी उचलायचं, या काळजीत ती होती. माहेरचा मासा परत गेला की त्या घराचं दहा वर्षं कुणी नाव काढत नाही.

“फिजिक्स?” बिन्सार हसला. ते हसणं ऐकून लामरियाला लहानपण आठवलं, आणि ते काही चांगलं आठवलं नाही. “आम्ही आयुष्यभर तार ओढली—”

“बिलं फाडली,” रोइदा पुटपुटली.

“—तार ओढली, कशासाठी? पोरगी वर जावी म्हणून. आणि हिला काय व्हायचंय? फिजिक्स शिकून माणूस काय होतो ते आमच्या डोळ्यांसमोर आहे! या घरात बसलंय! खडू खातं, सायकलवर फिरतं, पोरं पाठीमागं नकला करतात!” आता तो लाएला तुम्ही म्हणायचंही विसरला. “तुला लाज नाही वाटत? पोरीला आपल्याच खड्ड्यात ओढतोस?”

यातलं एकेक वाक्य मारोलोप स्वतःला रोज म्हणत आला होता, बिन्सारपेक्षा चांगल्या भाषेत. फक्त इतक्या मोठ्यानं कधी ऐकलं नव्हतं, आणि मोठ्यानं ऐकल्यावर ते भलतंच खोटं वाटलं.

“तुलांग,” तिउर्मा म्हणाली. “मला कुणी ओढलेलं नाही. मीच जातेय.”

बिन्सार तिच्याकडे वळला. इतका संतापला होता की आपला हात अजून ताटाच्या काठावर आहे, खांद्यावर उलोस आहे, आपण बोलायला उभे आहोत, यातलं काही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

“जा मग!” तो गरजला. “जा! मास्तरीण हो! हो तुझ्या बापासारखी!”

“इमा तुतु!”

हा आवाज मारोलोपचा होता. इतका मोठा की बाहेरची कुत्री भुंकली. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाण्यासाठी कमावलेला तो आवाज या घरात आजवर कुणी ऐकला नव्हता.

“इमा तुतु,” लामरिया म्हणाली. मग रोइदा. मग सगळे सियागियान, आणि त्यांच्या मागोमाग सवयीनं, काय झेलतोय हे न कळता, निम्मे मानुरुंगसुद्धा.

बिन्सारनं आपल्या हाताकडे पाहिलं. तो ताटावरच होता. त्यानं माशांकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिनं हळूच मान हलवली. झालं ते झालं होतं. ताटावर हात ठेवून बोललेलं, घरच्यांनी झेललेलं. या माणसाला कशाचंही वावडं नव्हतं, पण रीत मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. ती मोडली असती तर मग तुलांग म्हणून त्याच्याकडे उरलं काय असतं?

मग त्यानं खांद्यावरचा उलोस काढला, तिउर्माच्या अंगावर घातला, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात तो नीट केला.

“खा आता,” तो म्हणाला. “काटे बघून खा, मास्तरीणबाई.”

तिउर्मानं माशाचं डोकं मोडलं. मिरीनं तिची जीभ झिणझिणली, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते मिरीमुळं आलं असं सगळ्यांनी मानून घेतलं. रोइदा मटण वाढायला उठली आणि बिन्सारच्या पानात तिनं सगळ्यात मोठा तुकडा टाकला, कुणाच्या नजरेत येणार नाही असा. बिन्सारनं तो खाल्ला.

मारोलोपनं खिशातून चावी आणि चुंबक बाहेर काढले, नखानं ओढून वेगळे केले. चावी परत खिशात ठेवली. चुंबक मुलीच्या पानाशेजारी ठेवला, आणि क्षणभरानं पुन्हा उचलला.

“नळी इथंच ठेवून जा,” तो म्हणाला. “सोमवारी बारावीचा तास आहे.”